कामकऱ्यांचें गाऱ्हाणें : परळपासून उरवड्यापर्यंत

पुण्याहून पौडकडे जाणारा रस्ता पिरंगुटास पोंचला म्हणजे तेथून डाव्या हातास एक फांटा मुठा खोऱ्याकडे वळतो. त्या फांट्यावर उरवडें हें गांव आहे. मुळशी तालुक्यांतील इतर गांवांप्रमाणें हेंहि मूळचें भातशेतीचें गांव. परंतु पिरंगुटच्या आसपास कारखान्यांची जी वस्ती गेल्या कांहीं दशकांत वाढली, तिचा विस्तार उरवड्याच्या शिवारापर्यंत येऊन भिडला. ७ जून २०२१ रोजीं, सोमवारीं दुपारीं साडेतीन-चारच्या सुमारास, येथील एस. व्ही. एस. अ‍ॅक्वा टेक्नॉलॉजीज या पाणी शुद्ध करण्याचीं रसायनें तयार करणाऱ्या कारखान्यास आग लागली. करोनाच्या साथीचा दुसरा तडाखा तेव्हां नुकताच ओसरत होता. निर्बंध सैल करण्याची सरकारची नवी व्यवस्था त्याच सोमवारपासून अंमलांत आली होती. आग लागली त्या वेळीं कारखान्यांत सदतीस माणसें कामावर होतीं. त्यांपैकीं सतरा मृत्युमुखीं पडलीं, आणि या सतरांत पंधरा स्त्रिया होत्या. आंत अडकलेल्यांपर्यंत पोंचण्यासाठीं माती उकरण्याच्या यंत्रानें कारखान्याची भिंत फोडावी लागली. प्रेतें ओळखूं येण्याच्या स्थितींत नव्हतीं. तीं पुण्याच्या ससून रुग्णालयांत नेण्यांत आलीं, आणि आप्तांचे नमुने घेऊन डी. एन. ए. परीक्षेनें त्यांची ओळख पटविण्याचें काम करावें लागलें. राज्य सरकारनें मृतांच्या वारसांस पांच लाख रुपये जाहीर केले, पंतप्रधानांच्या निधींतून दोन लाख जाहीर झाले, प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी-समिति नेमली गेली, सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदला गेला व कारखान्याच्या एका संचालकास अटक झाली.

ही वार्ता ऐकतांना पुष्कळांच्या मनांत एक साधा प्रश्न उभा राहिला असेल. भरदिवसां, उजेडांत, चालत्या कारखान्यांत माणसें कामावर असतात; मग त्यांच्यापर्यंत जावयास भिंत फोडण्याची वेळ कां यावी? घराला दार असतें, देवळाला दार असतें, गुरांच्या गोठ्यालाहि दार असतें. कारखान्याच्या दारांतून माल किती सुखानें आंत-बाहेर होईल याचा विचार कारखाना बांधणारा प्रथमपासून करतो. आंतल्या माणसाला त्या दारांतून केव्हां बाहेर पडतां यावें, किती तासांनीं, किती दिवसांनीं आणि संकटाच्या वेळीं किती लवकर, याचा विचार मात्र आपल्याकडे फार उशिरां सुरू झाला. तो ज्यांनीं नेटानें सुरू केला त्यांत अग्रभागीं असणाऱ्या गृहस्थाचें घराणें पुणें जिल्ह्यांतलेंच होतें. पण तेथवर येण्यापूर्वीं थोडें मागें गेलें पाहिजे.

मुंबईस कापसाची पहिली गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं काढली. ताडदेव येथें तिचें काम १८५६ सालीं सुरू झालें. पुढील वीस-पंचवीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी या भागांत धुराड्यांची रांगच उभी राहिली. तेथें काम करावयास कोंकणांतून, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यांतून, आणि घाटावरच्या सातारा, पुणें वगैरे जिल्ह्यांतून माणसें आलीं. हीं माणसें शहराच्या हौसेनें आलीं नव्हतीं. सावकाराचें देणें, एखाद्या पावसाळ्याची हुलकावणी, भावाभावांत वांटून वांटून घोंगडीएवढें उरलेलें शेत, अशीं तीं कारणें होतीं. जमिनीवर राबणाऱ्याला कष्टाचें भय नसतें. परंतु शेतांतल्या कष्टांत आणि गिरणींतल्या कष्टांत एक मोठा भेद होता. नांगर धरणारा माणूस बैलाला दम लागला म्हणजे आपणहि घटकाभर बांधावर टेकतो. गिरणीच्या चात्यांना दम लागत नाहीं.

सुरवातीच्या काळीं गिरण्यांत दिव्यांची सोय नव्हती, म्हणून उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम चाले. म्हणजे हिवाळ्यांत दहा-अकरा तास आणि उन्हाळ्यांत तेरा-चौदा तास. दुपारीं यंत्र अर्धा तास थांबे, कांहीं ठिकाणीं तेंहि थांबत नसे. मग माणूस उभ्या उभ्या भाकर खाई आणि तुटलेला धागा सांधी. रविवारची नियमित सुट्टी नव्हती. ज्या गिरण्या त्या दिवशीं बंद असत तेथेंहि यंत्रें पुसण्यासाठीं कामकऱ्यांस अर्धा दिवस यावें लागे. पगाराची रीत तर याहून विलक्षण. एका महिन्याचा पगार दुसरा महिना सरतां सरतां हातीं पडावयाचा. त्यामुळें कामकऱ्याचा महिना-दीड महिन्याचा पैसा नेहमीं मालकाकडे अडकलेला असे, आणि न सांगतां काम सोडून गेलें तर तो बुडे. ही दिरंगाई हिशेबनिसाच्या आळसाची नव्हती. माणूस पळून जाऊं नये म्हणून घातलेलें तें दावें होतें. मधल्या दिवसांत पोट चालावयाचें तें वाण्याच्या उधारीवर, आणि उधारीचें व्याज वाण्याच्या मर्जीवर. उशीर झाला तर दंड. कापडांत दोष निघाला तर तें कापड विणकराच्याच माथीं मारून त्याची किंमत पगारांतून कापून घेत. दोष सुताचा कीं यंत्राचा, ही विचारपूस कोण करणार?

मालक आणि कामकरी यांच्या मध्यें मुकादम असे. त्याला गिरणींत जॉबर म्हणत. कामावर घेणारा तो, काढणारा तो, आणि दोन्ही वेळां दस्तुरी उकळणारा तोच. सूत गुंडाळण्याच्या खात्यांत बायका असत. त्यांच्यावर नायकीण असे व तिची रीत मुकादमापेक्षां निराळी नव्हती. तथापि मुकादमास केवळ खलपुरुष ठरवून मोकळें होतां येत नाहीं. तो पुष्कळदां त्याच मुलखांतला, गांवाकडची ओळख असलेला माणूस असे. आजारांत तोच चार रुपये देई, चाळींत तोच खोलीसाठीं शब्द टाकी. मालकाला कामकऱ्याचें तोंड पाहण्याची गरज उरूं नये, एवढ्यासाठीं ही व्यवस्था फार सोयीची होती. ज्याचें तोंड पाहिलें नाहीं त्याचें दुःख मनाला बोंचत नाहीं.

आतां असें नाहीं कीं, कोणी कांहीं बोललेंच नाहीं. १८७५ सालीं मुंबई सरकारनें गिरण्यांच्या चौकशीसाठीं एक आयोग नेमला. त्यांतील बहुमत गिरणीवाल्यांच्या व व्यापाऱ्यांच्या बाजूचें होतें, आणि कायद्याची आवश्यकता नाहीं असा त्या बहुमताचा अभिप्राय पडला. सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी गृहस्थांनीं मात्र हा विषय सोडला नाहीं. १८७८ सालीं त्यांनीं स्वतः एका विधेयकाचा मसुदा तयार केला. गंमत अशी कीं, त्यांना पाठबळ मिळालें तें इंग्लंडांतील लँकेशायरच्या गिरणीवाल्यांकडून. मुंबईच्या सुताची स्पर्धा त्यांना जाचूं लागली होती. हिंदी मजुरांच्या तासांवर बंधन पडलें तर हिंदी माल महाग होईल, हा त्यांचा हिशेब. साहजिकच मुंबई-पुण्याच्या देशी पत्रांपैकीं बहुतेकांनीं कायद्यास विरोध केला. देशी उद्योगाचा गळा दाबण्याचा हा डाव आहे, हें त्यांचें म्हणणें सर्वस्वीं खोटें नव्हतें. परंतु त्या वादांत लँकेशायर बोललें, मुंबईचे शेठ बोलले, संपादक बोलले. सात वर्षांचें जें मूल पहाटे झोंपेंतून उठवून गिरणींत नेलें जात होतें तें कांहीं बोललें नाहीं.

सात वर्षें हा आंकडा येथें सहज आलेला नाहीं. १८८१ सालीं जो पहिला कारखान्यांचा कायदा झाला, त्यानें सात वर्षांखालच्या मुलास कामावर घेण्यास मनाई केली. सात ते बारा वर्षांच्या मुलास नऊ तास काम, त्यांत एक तास विसांवा आणि महिन्यांतून चार सुट्ट्या, इतकें त्यानें दिलें. सात वर्षांचें मूल म्हणजे शाळेंत बाराखडी पुरी करून नुकतें वाचूं लागलेलें मूल! मोठ्या माणसांच्या व बायकांच्या तासांविषयीं कायद्यांत अक्षर नव्हतें. शिवाय शंभरांहून कमी माणसें जेथें असतील आणि वर्षांतून चार महिन्यांहून कमी जेथें काम चालत असेल, तो कारखाना या कायद्याच्या लेखीं कारखानाच नव्हे.

या चार महिन्यांच्या फटींतून काय काय निसटलें तें १८८४-८५ च्या चौकशींत बाहेर आलें. खानदेशांत सरकी काढण्याचे व गांठी बांधण्याचे कारखाने होते. कापसाचा हंगाम म्हणजे कांहीं महिन्यांचा. म्हणून ते कायद्याबाहेर. तेथें काम करणाऱ्या बहुतेक बायका, आसपासच्या खेड्यांतल्या. हंगाम भरांत आला कीं त्याच बायका दिवसा व त्याच बायका रात्रीं काम करीत. अठरा अठरा, वीस वीस तास, आणि असें लागोपाठ कित्येक दिवस, अशी साक्ष कारखान्यांच्या चालकांकडूनच आयोगापुढें आली. कापसाच्या तुसानें हवा भरलेली, पाठीशीं किंवा शेजारीं तान्हें मूल. मुंबईच्या गिरणींतला कामकरी निदान लोकांच्या नजरेसमोर होता. खानदेशांतल्या या बायांचें गाऱ्हाणें शेताच्या कडेला सुरू होई आणि तेथेंच जिरे.

अशा काळांत नारायण मेघाजी लोखंडे यांनीं या कामांत हात घातला. त्यांचा जन्म १८४८ सालीं ठाण्यास झाला. घराणें मूळचें पुणें जिल्ह्यांतील खेड तालुक्यांतल्या कन्हेरसरचें. बेताची इंग्रजी शाळा झाल्यावर त्यांनीं रेल्वेंत व टपाल खात्यांत नोकरी केली, आणि पुढें मांडवी येथील एका गिरणींत ते स्टोअरकीपर झाले. हा तपशील महत्त्वाचा आहे. गिरणीच्या कचेरींत बसणाऱ्या माणसाला कामकऱ्यांचे हाल दुरून दिसतात आणि त्यांच्या पगाराचे आंकडे जवळून. लोखंड्यांनीं दोन्हींचा मेळ घातला. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं स्थापलेल्या सत्यशोधक समाजाचे ते अनुयायी होते, आणि त्याच समाजाच्या कृष्णराव भालेकरांनीं १८७७ सालीं पुण्यास काढलेलें ‘दीनबंधु’ हें पत्र १८८० सालीं मुंबईस आणून त्यांनीं स्वतः चालविलें. इतर पत्रें लँकेशायरच्या डावाची चर्चा करीत असतां या पत्राचीं पानें गिरणींतल्या तासांना, दंडांना आणि थकलेल्या पगारांना मोकळीं होतीं.

१८८४ च्या सप्टेंबरांत, २३ व २६ तारखेस, परळच्या सुपारीबागेंत कामकऱ्यांच्या सभा भरल्या. दिवसभर राबलेलीं माणसें सभेला येतात ही गोष्टच तेव्हां नवी होती. त्या सभांतून एक अर्ज तयार झाला, त्यावर सुमारें साडेपांच हजार कामकऱ्यांच्या सह्या व निशाण्या पडल्या आणि तो आयोगापुढें ठेवण्यांत आला. अर्जांत पांच मागण्या होत्या. आठवड्यास रविवारची एक पुरी सुट्टी असावी. दुपारीं अर्धा तास विसांवा मिळावा. काम सकाळीं साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास बंद व्हावें. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत मिळावा. आणि पांचवी : काम करतांना ज्यास दुखापत होईल त्यास बरें वाटेपर्यंत पुरा पगार मिळावा, व जो कायमचा अपंग होईल त्याच्या पोटापाण्याची तजवीज व्हावी.

या मागण्या वाचून आजच्या मनुष्यास प्रथम आश्चर्य वाटतें तें त्यांच्या नम्रपणाचें. पगार वाढवा असा एक शब्द त्यांत नाहीं. जो पगार ठरला आहे तोच पंधरा दिवसांपर्यंत उशिरां चालेल, एवढेंच मागणें. सूर्य उगवण्याची वाट न पाहतां साडेसहाचें घड्याळ मागितलें, कारण घड्याळ भांडत नाहीं. उजाडलें कीं नाहीं यावर मुकादमाशीं वाद घालतां येत नसे. हे सर्व फार मोठे क्रांतिकारक होते असें नव्हे. ज्या माणसाचें नाक पाण्याखालीं आहे तो किनारा मागत नाहीं, नाकापुरती हवा मागतो.

याच सुमारास लोखंड्यांनीं स्थापन केलेली ‘बाँबे मिलहँड्स असोसिएशन’ ही हिंदुस्थानांतील पहिली कामगार-संघटना म्हणून इतिहासांत नमूद आहे. खरें सांगावयाचें तर तिला वर्गणी नव्हती, सभासदांची यादी नव्हती, लिखित नियम नव्हते. तत्कालीन सरकारी अहवालांनीं हें न्यून मोठ्या समाधानानें दाखवून दिलें आहे. परंतु सह्यांना घाबरून कामावरून काढलें जाण्याचें भय ज्या काळीं होतें, त्या काळीं यादी ठेवणें म्हणजे मुकादमाच्या हातीं सूड घेण्याचें साधन देणें होय, हेंहि लक्षांत घेतलें पाहिजे.

गिरणीमालकांचें उत्तर ठरलेलें होतें. आमचे लोक मनाला येईल तेव्हां यंत्र सोडून बाहेर जातात, विडी ओढतात, पाणी पितात, झाडाखालीं पडतात. वर्षांतून दोन महिने गांवीं जातात. त्यांना आणखी सुट्टी कशाला? या बोलण्यांत वस्तुस्थिति होती. पण कारण आणि परिणाम यांची उलटापालट झाली होती. ज्याला ठरलेला विसांवा नाहीं तो चोरून विसांवा घेतो. चौदा तास सलग उभें राहणें मनुष्यदेहाला शक्यच नाहीं, म्हणून तो देह आपली सुट्टी आपणच काढतो. शाळेंत मधली सुट्टी बंद केली तर मुलें वर्गांतच पेंगतील, आणि मग मास्तर त्यांस आळशी म्हणतील, त्यांतलाच हा प्रकार.

सहा वर्षें अर्ज-विनंत्यांत गेलीं. २४ एप्रिल १८९० रोजीं मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारें दहा हजार कामकरी जमले. त्या सभेंत दोन स्त्रिया बोलावयास उभ्या राहिल्या. त्या काळीं सुशिक्षितांच्या घरांतील बायकासुद्धां सभेंत बोलत नसत. सूत गुंडाळणाऱ्या बायांनीं हजारों पुरुषांसमोर तोंड उघडलें, यांत त्यांचें धैर्य किती आणि त्यांची गांजणूक किती याचा हिशेब ज्याचा त्यानें करावा. मालकांच्या संघानें यावेळीं नमतें घेतलें. १० जून १८९० रोजीं रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य झाली. आज लाखों माणसें रविवारीं सकाळीं उशिरां उठतात, त्या सकाळची ही जन्मकथा. त्याच वर्षीं सरकारनें नेमलेल्या कारखाना-आयोगांत बंगाली हे सभासद होते आणि लोखंड्यांना कामकऱ्यांच्या बाजूनें मुंबईपुरतें सहकारी म्हणून घेण्यांत आलें. १८९१ च्या कायद्यानें आठवड्याची सुट्टी व दुपारचा अर्धा तास कायद्यांत आणला, मुलांचें किमान वय नऊ केलें, बायकांस अकरा तासांची मर्यादा घातली आणि शंभरांचा आंकडा पन्नासांवर आणला. प्रौढ पुरुषांच्या तासांना तेव्हांहि मर्यादा पडली नाहीं. ९ फेब्रुवारी १८९७ रोजीं मुंबईच्या प्लेगांत लोखंडे वारले. साथीच्या दिवसांत ते लोकांच्या मदतीस फिरत होते.

त्यांच्या मृत्यूनंतर परिस्थिति सुधारावयाची ती कांहीं काळ बिघडली, आणि बिघडविणारी वस्तु होती विजेचा दिवा. सूर्यास्त हा जो एक निसर्गाचा मुकादम कामकऱ्याच्या बाजूचा होता, तो दिव्यानें बडतर्फ केला. बाजार तेजींत असतां चौदा-पंधरा तास काम चालूं लागलें. १९०७ सालीं नेमलेल्या आयोगाच्या बहुसंख्य सभासदांस प्रौढ पुरुषांचे तास कायद्यानें थेट ठरविणें पसंत नव्हतें, मद्रासचे डॉ. टी. एम. नायर यांनीं मात्र भिन्नमतपत्रिका जोडून तासांची मर्यादा आवश्यक असल्याचें स्पष्ट सांगितलें. १९११ च्या कायद्यानें कापडगिरण्यांत बारा तासांची मर्यादा घातली.

विजेचा विषय निघाला म्हणजे मुळशीची आठवण होणें अपरिहार्य आहे. १९१५ पासून टाटांच्या खोपोलीच्या विजेवर मुंबईच्या गिरण्यांचीं यंत्रें चालूं लागलीं, आणि आणखी विजेसाठीं मुळशी पेट्यांत निळा-मुळेच्या संगमापाशीं धरण बांधण्याचें ठरलें. भातखाचरें पाण्याखालीं जाणार म्हणून मावळे उठले. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांस ‘सेनापति’ ही पदवी याच लढ्यानें दिली. लढा कांहीं वर्षें चालला, बापटांसह अनेकांस तुरुंगवास घडला, आणि धरण झालें. पाणी घाटाखालीं भिऱ्याच्या वीजघरांत उतरलें व तेथील वीज मुंबईस गेली. मुळशीच्या शेतकऱ्याचा पोरगा जमीन गेल्यावर गिरणींत कामाला लागला असेल, तर त्याच्या डोक्यावरचा दिवा त्याच्याच बापाच्या शेतावरून आलेला होता!

समुद्रापलीकडे याच वर्षांत एक घटना घडली, तिचा उल्लेख केल्यावांचून दाराची गोष्ट पुरी होत नाहीं. न्यूयॉर्क शहरांत ट्रँगल या नांवाचा बायकांचे झंपर शिवण्याचा कारखाना होता. २५ मार्च १९११ रोजीं, सुट्टीची वेळ होत आली असतां, त्यास आग लागली. नवव्या मजल्यावरील एका जिन्याचें दार कुलूप लावून बंद केलेलें होतें. मुली चोरून कापड नेतील अशी मालकांस शंका असे. एकशें सेहेचाळीस माणसें मेलीं, त्यांत एकशें तेवीस स्त्रिया व मुली होत्या. कित्येकांनीं खिडक्यांतून उड्या टाकल्या. त्या वर्षअखेर मालक फौजदारी खटल्यांतून निर्दोष सुटले. परंतु त्या राज्यानें चौकशी-मंडळ बसवून पुढील कांहीं वर्षांत आगीच्या, दारांच्या, जिन्यांच्या आणि कामाच्या तासांच्या कायद्यांची मालिकाच केली. दारें बाहेरच्या बाजूस उघडणारीं असावींत ही बारीकशी गोष्ट. पण घाबरून धांवणाऱ्या जमावापुढें आंत उघडणारें दार म्हणजे भिंतच होय, हें तेथें किती जिवांचें मोल देऊन शिकलें गेलें!

आपल्याकडेहि हें ज्ञान कायद्यांत आलें. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कारखाना-कायद्याच्या अडतिसाव्या कलमांत स्वच्छ लिहिलें होतें कीं, आंत माणसें असतांना बाहेर पडण्याचें दार आंतून सहज उघडतां येणार नाहीं अशा रीतीनें बंद करूं नये, आणि सरकत्या दारांखेरीज अशीं सर्व दारें बाहेर उघडणारीं असावींत. त्याच कायद्यानें दिवसाचे नऊ व आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरविले, आणि सलग पांच तासांनंतर अर्धा तास विसांवा दिला. सुपारीबागेंतल्या सभेचा दुपारचा अर्धा तास तो हाच. भोपाळची वायुगळती १९८४ सालीं झाली. त्यानंतर १९८७ सालीं या कायद्यांत घातक रसायनांच्या कारखान्यांसाठीं स्वतंत्र प्रकरण घालण्यांत आलें व आपल्या कामांत कोणता धोका आहे हें कळण्याचा कामगाराचा हक्क मान्य झाला. पगाराच्या मागणीला १९३६ च्या कायद्याची वाट पाहावी लागली. आणि ती पांचवी मागणी, दुखापतीची, १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यांत उतरली. अर्जानंतर एकोणचाळीस वर्षांनीं, लोखंडे जाऊन सव्वीस वर्षें झाल्यावर.

म्हणजे कायदे नव्हते असें उरवड्याविषयीं म्हणतां येत नाहीं. मग खानदेशच्या बायांपेक्षां मुळशीच्या बायांची स्थिति कोठें निराळी होती, हें पाहूं गेलें तर कांहीं गोष्टी डोळ्यांत भरतात. पिरंगुटच्या पंचक्रोशींतल्या कारखान्यांत माल भरण्याचें, चिठ्ठ्या लावण्याचें, पेट्या बांधण्याचें काम पुष्कळसें बायका करतात. अशा जागीं बायांना घेण्याचें कारण सर्वत्र एकच सांगितलें जातें. त्यांचा हात हलका असतो. दुसरें एक कारण असतें तें सहसा सांगितलें जात नाहीं : त्या रोजगार कमी घेतात आणि उलट उत्तर देत नाहींत. मुकादमाच्या जागीं आतां ठेकेदार आला. त्यामुळें ज्याच्या छपराखालीं काम करावयाचें त्याचें नांव पुष्कळदां पगाराच्या कागदावर नसतें, आणि गाऱ्हाणें सांगावयास गेलें तर कारखानदार ठेकेदाराकडे व ठेकेदार कारखानदाराकडे बोट दाखवितो. ज्या घरांत साथीच्या दोन वर्षांत पुरुषाचा रोजगार बुडाला, त्या घरांतल्या बाईनें पिंपांत काय भरलें आहे हें विचारीत बसावें कसें? तिला काम हवें होतें. पाणी शुद्ध करण्याच्या आणि हात धुण्याच्या द्रवांना त्या दिवसांत मागणी भरपूर होती. उरवड्याच्या आगींत ज्या घरांचीं माणसें गेलीं, तीं श्रीमंतांचीं घरें नव्हतीं.

कायद्याच्या दृष्टीनें कारखाना कशाला म्हणावें, हा आंकडा मात्र या सर्व काळांत बदलत आला. १८८१ सालीं तो शंभर होता. १८९१ सालीं पन्नास झाला. १९२२ सालीं वीस, आणि १९४८ सालीं, विजेवर चालणाऱ्या कारखान्यांपुरता, दहा. १९४८ सालापर्यंत जो लढा चालला तो एका अर्थानें हा आंकडा खालीं आणण्याचाच लढा होता, कारण प्रत्येक वेळीं तो उतरला म्हणजे आणखी कांहीं हजार माणसें कायद्याच्या छपराखालीं येत. २०२० सालीं संसदेनें जी नवी कामगार-संहिता संमत केली, तींत तो पुन्हां दहावरून विसांवर नेण्यांत आला. उरवड्यास त्या दुपारीं सदतीस माणसें कामावर होतीं.